वाचकांचे प्रश्न : पँडोराची हवा आणि तिथले रहिवासी

‘अवतार’ मालिकेतला तिसरा चित्रपट डिसेंबर २०२५मध्ये आला आणि त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत कल्पित चंद्रांविषयीचे प्रश्न एकदम वाढले. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर पँडोरा हा पॉलिफेमस नावाच्या एका वायुरूप महाग्रहाचा चंद्र आहे. तिथे दाट जंगले आहेत, सुमारे तीन मीटर उंचीचे निळ्या वर्णाचे ‘नावी’ लोक आहेत, आणि जमिनीखाली एक अतिमौल्यवान खनिज आहे, ज्यासाठी पृथ्वीवरची एक खाण कंपनी तिथे ठाण मांडून बसली आहे. पहिल्या चित्रपटाची कथा २१५४ सालात घडते. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

पँडोरा ज्या ताऱ्याजवळ दाखवला आहे तो तारा खरा आहे का? आणि असा चंद्र तिथे खरोखर असू शकेल का? — एक वाचक, कोल्हापूर

तारा खरा आहे आणि तो तुमच्या कोल्हापुरातून दिसतोही. अल्फा सेंटॉरी म्हणजे आपल्याकडच्या पुस्तकांतला ‘मित्र’ तारा. मे महिन्याच्या अखेरीस रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास पन्हाळ्यासारख्या उंच जागेवरून दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. क्षितिजापासून साधारण बारा अंशांवर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतील. त्यांतला डावीकडचा मित्र, उजवीकडचा मित्रक, आणि त्यांच्याही उजवीकडे कललेला त्रिशंकू. वळवाच्या दिवसांतले धूसर आकाश मात्र आड यायला नको. नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा मित्र हा प्रत्यक्षात एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी आहे, आणि पँडोराचा महाग्रह त्यांतल्या मोठ्या ताऱ्याभोवती फिरतो असे कथेत मानले आहे. हे अंतर सुमारे ४.४ प्रकाशवर्षांचे आहे. चित्रपटाचा नायक जेक ते जवळजवळ सहा वर्षे गोठलेल्या झोपेत काढून पार करतो. आपल्या व्हॉयेजर १ यानाला त्याच्या सध्याच्या वेगाने तेवढेच अंतर कापायला ७५ हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

महाग्रहाविषयी बोलायचे, तर जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून ऑगस्ट २०२५मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी याच मोठ्या ताऱ्याभोवती शनीच्या वस्तुमानाचा एक संभाव्य वायुरूप ग्रह असल्याची चिन्हे जाहीर केली. एका निरीक्षणात दिसलेला ठिपका नंतरच्या निरीक्षणांत सापडला नाही, त्यामुळे त्याला अजून ‘उमेदवार’ म्हणण्यापलीकडे कोणी गेलेले नाही; पण २००९च्या चित्रपटाने बांधलेला अंदाज इतका जवळ जावा, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे.

खरी अडचण चंद्राच्या आकाराची आहे. आपल्या सूर्यमालेतला सर्वांत मोठा चंद्र गॅनिमिड व्यासाने बुधापेक्षा मोठा असला, तरी त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम अडीच टक्के भरते. महाग्रहाभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीतून जे चंद्र घडतात त्यांचे एकूण वस्तुमान ग्रहाच्या साधारण दहा हजारांश भागाच्या आसपास राहते, असे गुरू, शनी आणि युरेनस या तिघांच्याही परिवारांत दिसते. तेव्हा शनीएवढ्या ग्रहाला पृथ्वीसारखा भरदार चंद्र घरच्या घरी होणे अवघड आहे. तो बाहेरून येऊन पकडला गेला असेल तर गोष्ट वेगळी. नेपच्यूनचा ट्रायटन तसाच पकडलेला आहे आणि म्हणूनच तो उलट्या दिशेने फिरतो.

हवा इतकी विषारी, तर मग तिथे मशाल कशी पेटते? — एक शिक्षिका, नागपूर

हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण पँडोराची सगळी रचना या एका प्रश्नातून उलगडत जाते.

जंगलात एकटा सापडलेला जेक लाकडाला चिंध्या गुंडाळून मशाल पेटवतो आणि तिच्या उजेडात अंगावर येणाऱ्या श्वापदांशी झुंजतो, तो प्रसंग आठवा. ज्वाला नीट, पिवळी, भरभरून जळते. म्हणजे हवेत ऑक्सिजन भरपूर आहे. माणसाला मारतो तो ऑक्सिजनचा अभाव नव्हे, तर सोबत असलेला कार्बन डायऑक्साईड. मालिकेच्या पूरक साहित्यात त्याचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक दिले आहे, आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचीही भर आहे. आपल्या हवेत कार्बन डायऑक्साईड ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. तो दहा टक्क्यांच्या वर गेला, की माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपतो, कारण रक्तात विरघळून तो कार्बनिक आम्ल बनवतो, रक्ताची आम्लता झपाट्याने वाढते आणि फुप्फुसांत ऑक्सिजन पोहोचत असूनही मेंदू मिटत जातो. चित्रपटात नव्या भरतीला दिली जाणारी सूचना नेमकी हीच आहे : मुखवटा निघाला, तर २० सेकंदांत शुद्ध जाईल आणि चार मिनिटांत प्राण.

पृथ्वीवर याचा एक भयंकर पुरावा आहे. २१ ऑगस्ट १९८६ रोजी कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी साचलेला कार्बन डायऑक्साईड एकाएकी उसळून बाहेर आला, हवेपेक्षा जड असल्याने दऱ्यांतून खाली वाहत गेला आणि सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे जागच्या जागी मेली. त्या गावांत ना आग लागली होती, ना घरे पडली होती.

या एका निवडीमुळे कथाकाराच्या पदरात बरेच काही पडते. हवेचा दाब आपल्यासारखाच असल्याने माणसांना अवजड अवकाशपोशाख लागत नाही, चेहऱ्यावरचा पारदर्शक मुखवटा पुरतो, नटांचे चेहरे दिसतात आणि तरीही मृत्यू कायम एका काचेच्या जाडीएवढ्या अंतरावर राहतो. श्वास रोखून धरला तर काही क्षण निभावता येते, हेही शास्त्राला धरूनच आहे. सैनिकांचा प्रमुख क्वॉरिच मुखवट्याची वाट न पाहता दार उघडून बाहेर येतो आणि श्वास रोखून पळणाऱ्या हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडत राहतो, तेव्हा त्या दोन-चार सेकंदांत त्याचा अख्खा स्वभाव कळतो. शेवटाकडे याच हवेचा दुसरा उपयोग होतो. एरवी जेक आपले मन एका घडवलेल्या निळ्या नावी शरीरात घालून वावरतो; फुटलेल्या खोलीत मात्र त्याचे माणसाचे, पांगळे शरीर गुदमरत असते आणि त्याच्यावर प्रेम करणारी नावी तरुणी नेयतिरी आपल्या भल्यामोठ्या बोटांनी त्याच्या तोंडावर मुखवटा धरते. तोपर्यंत तिने त्याला त्या शरीरात कधी पाहिलेलेच नसते. संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत जास्त पटलेला प्रसंग तो आहे, आणि तो उभा राहतो तो वायूंच्या टक्केवारीवर.

एक त्रुटी मात्र सांगायला हवी. इतका कार्बन डायऑक्साईड असलेला चंद्र ताऱ्याच्या उबदार पट्ट्यात असेल, तर हरितगृह परिणामामुळे तो भट्टीसारखा तापेल. त्याला ताऱ्यापासून बराच लांब ठेवणे भाग आहे, आणि मग तिथला सूर्यप्रकाश पडद्यावर दिसतो तितका लख्ख राहणार नाही.

पँडोरावरच्या सगळ्या प्राण्यांना सहा पाय आहेत, मग नावी लोकांना दोन हात आणि दोन पायच का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

कारण प्रेक्षकाला नेयतिरीच्या प्रेमात पडायचे आहे. खरे उत्तर एवढेच आहे.

तुमचे निरीक्षण अचूक आहे. तिथले घोडे, लांडग्यांसारखी श्वापदे आणि सर्वांत भयंकर हिंस्र पशू थॅनेटर हे सगळे षट्पाद आहेत. अनेकांना डोळ्यांच्या दोन जोड्या आहेत आणि श्वास घेण्याची छिद्रे नाकावर नसून छातीजवळ आहेत. नावी मात्र दोन डोळ्यांचे, दोन हातांचे, नाकाने श्वास घेणारे. कलाकारांना ही विसंगती ठाऊक होती, म्हणूनच झाडांवरून उड्या मारणारा माकडासारखा एक प्राणी क्षणभर दाखवला आहे, ज्याचे वरचे दोन हात खांद्यापासून कोपरापर्यंत जुळलेले आणि पुढे फुटलेले आहेत. सहा अवयवांकडून चारांकडे जाणारा उत्क्रांतीचा टप्पा त्यातून सुचवायचा आहे. खुलासा म्हणून तो चलाख आहे, पण त्या एका प्राण्याच्या खांद्यावर ओझे जरा जास्तच झाले आहे, असे मला वाटते.

चार हा आकडा काही निसर्गनियम नाही. माशांच्या ज्या शाखेतून जमिनीवरचे कणाधारी प्राणी आले तिला परांच्या दोन जोड्या होत्या, म्हणून बेडकापासून माणसापर्यंत आपण सगळे चार अवयवांचे. बोटांचेही तसेच. सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अकँथोस्टेगा या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती. पाचावर गाडी नंतर स्थिरावली. चित्रपटात याचा सुरेख वापर आहे : मूळच्या नावींना चार बोटे आहेत, तर माणसाचे जनुक मिसळून घडवलेल्या जेकच्या निळ्या शरीराला पाच, त्यामुळे हा बाहेरचा हे त्याचा पंजाच सांगून जातो.

रात्री चमकणारे जंगल ही निव्वळ नजरबंदी आहे का? — एक वाचक, ठाणे

नाही. त्यासाठी ठाण्याहून फार लांब जाण्याचीही गरज नाही. ऐन पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात कुजणाऱ्या ओल्या लाकडावर वाढणारी बुरशी फिकट हिरवट प्रकाश देते. विजेरी विझवून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबले, की ओंडक्याच्या कडा उमटू लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी भरलेली झाडे तर अनेकांनी पाहिली असतील. ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून उष्णतेऐवजी जवळजवळ सगळा प्रकाशच बाहेर पडतो, अशी ही रासायनिक क्रिया आहे. म्हणजे मशालीला जो ऑक्सिजन लागतो तोच या प्रकाशालाही लागतो. नेयतिरी जेकची मशाल हिसकावून पाण्यात फेकते आणि त्यानंतरच त्याला भोवतालचे उजळलेले रान दिसते, या प्रसंगाकडे त्या दृष्टीने पुन्हा पाहावे.

शंका घ्यायचीच तर प्रमाणाची घ्यावी. प्रकाश निर्माण करायला ऊर्जा खर्च होते. काजवा जोडीदार शोधण्यासाठी ती खर्च करतो, खोल समुद्रातला मासा भक्ष्याला भुलवण्यासाठी. पायाखालच्या शेवाळापासून झाडांच्या शेंड्यापर्यंत सगळेच एकदम चमकू लागले, तर कोण कोणाला काय सांगत आहे हे कोणालाच कळणार नाही.

तरंगणारे डोंगर शक्य आहेत का? — एक वाचक, सांगली

डोंगर नाही; बेडूक मात्र शक्य आहे. १९९७मध्ये नेदरलँड्समधील नायमेखन इथे आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६ टेस्ला इतक्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. पँडोराचे डोंगर अतिसंवाहक, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या, खनिजामुळे तरंगतात असे मानले आहे आणि अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो हे १९३३पासून ठाऊक आहे. पण साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला अतिसंवाहक राहणारा पदार्थ अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. तसे खनिज असते, तर त्यासाठी साडेचार प्रकाशवर्षे जायला कंपन्या तयार झाल्या असत्या, हे मात्र पटण्यासारखे आहे.

अशा चंद्रांना आणि तिथल्या जीवांना ‘शत्रू’ ठरवणे योग्य आहे का? — एक वाचिका, पुणे

स्पेस ऑपेरात, म्हणजे अवकाशातल्या भव्य साहसकथांत, चंद्र शत्रू ठरतो तो बहुधा बाहेरून आलेल्याच्या तोंडून. पँडोराची पहिली ओळख आपल्याला क्वॉरिचच्या भाषणातून होते, आणि नरकसुद्धा इथल्या मानाने विश्रांतीची जागा वाटेल, अशा आशयाचे तो बोलतो. त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या दृष्टीने ते खोटेही नाही. पण जी हवा त्यांना चार मिनिटांत मारते तिच्यातच नावींची मुले खेळतात, आणि ज्या श्वापदांच्या भीतीने कंपनीच्या तळाभोवती कुंपण उभारले आहे त्यांच्याशी नावींनी पिढ्यान्पिढ्या वागण्याची रीत बसवलेली आहे. माझ्या मते कल्पित चंद्र चांगला जमला की नाही याची कसोटी हीच : पाहुण्याला मारणारी आणि रहिवाशाला जगवणारी गोष्ट एकच असली पाहिजे. पँडोराच्या हवेबाबत ती तशी आहे.

‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधला एंडॉर हा चंद्र याबाबतीत कच्चा आहे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या अरण्यात चित्रित केलेला तो चंद्र दिसायला देखणा आहे, पण तिथली हवा, पाणी, गुरुत्व सगळे आपल्यासारखेच; धोका काय तो इवॉक नावाच्या केसाळ, बुटक्या रहिवाशांचा. लोक त्यांना खेळण्यातली अस्वले समजून हसतात आणि ते नायकांना बांबूला डुकरासारखे बांधून भाजायची तयारी करतात, हे विसरतात. ओंडके, दोर आणि खड्डे वापरून ते कथेतल्या जुलमी साम्राज्याची पोलादी यंत्रे पाडतात. जंगलाची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाशी जंगलात लढू नये, एवढे लष्करी शहाणपण त्यात नक्की आहे. मात्र ते जंगल कुठल्याही ग्रहावर चालले असते, त्याला चंद्र असण्याची गरज नव्हती.

पँडोराच्या कथेला आपल्या देशातून मिळालेला एक प्रतिसाद इथे सांगायला हवा. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात राहणारे डोंगरिया कोंध हे त्या डोंगराला आपला देव मानतात, आणि तिथे बॉक्साइटची खाण प्रस्तावित होती. २०१०मध्ये त्यांच्या पाठीराख्या संघटनेने ‘व्हरायटी’ या अमेरिकी नियतकालिकात जाहिरात देऊन दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना, तुमची कथा इथे खरीच घडते आहे, तेव्हा मदत करा, असे आवाहन केले. निकाल मात्र लागला तो इथल्या न्यायालयात आणि इथल्या गावांत. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हा निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि त्याच वर्षी बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगर सोडा म्हणून सांगायला कोणी निळा योद्धा आकाशातून उतरला नव्हता. ठराव झाले, सह्या-अंगठे झाले.

मला मराठीत असाच एखादा चंद्र रंगवून कादंबरी लिहायची आहे. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, रत्नागिरी

राक्षसांपासून करू नका, महाग्रहापासून करा. चंद्राचे खरे वैरी तिघे : महाग्रहाची ओढ, प्रारण (घातक किरणांचा व कणांचा मारा) आणि लांबलचक दिवस.

ओढीचे उदाहरण म्हणजे गुरूचा आयो. गुरू आणि शेजारचे चंद्र त्याला सतत पिळत असल्याने तो आतून वितळलेला असेल, असे भाकीत तीन शास्त्रज्ञांनी मार्च १९७९मध्ये प्रसिद्ध केले आणि व्हॉयेजर १ने पाठवलेल्या चित्रात त्याच आठवड्यात लिंडा मोराबिटो यांना ज्वालामुखीचा फवारा दिसला. प्रारणाचे म्हणाल, तर गुरूच्याच युरोपा या चंद्राच्या पृष्ठभागावर उघडा माणूस एखाद्या दिवसात प्राणघातक मात्रा घेईल. ऑक्टोबर २०२४मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान म्हणूनच युरोपाभोवती फिरत बसणार नाही, गुरूभोवतीच्या लांब कक्षेतून ४९ वेळा जवळ येऊन पुन्हा दूर पळेल. तुमच्या चंद्रावर जंगल हवे असेल, तर त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र द्यावे लागेल. गॅनिमिडला ते आहे.

तिसऱ्या गोष्टीत कादंबरीचा सर्वाधिक ऐवज आहे. मोठे चंद्र आपल्या ग्रहाकडे नेहमी एकच बाजू ठेवतात, म्हणून त्यांचा दिवस त्यांच्या प्रदक्षिणेएवढा असतो; गॅनिमिडचा सात दिवसांहून थोडा अधिक. म्हणजे साडेतीन दिवस ऊन आणि साडेतीन दिवस रात्र. ग्रहाकडच्या बाजूला राहणाऱ्यांच्या डोक्यावर तो महाग्रह एकाच जागी खिळलेला असेल. युरोपावरून गुरू आपल्या चंद्राच्या सुमारे २४ पट रुंद दिसतो, यावरून कल्पना करा. त्यांना त्याच्या कलांवरून वेळ कळेल, भर दुपारी त्याच्याआड सूर्य जाऊन काळोख होईल आणि मध्यरात्री मात्र पूर्णबिंबाचा लखलखाट असेल. पाठीमागच्या बाजूच्या लोकांनी तो महाग्रह जन्मात पाहिलेला नसेल. त्यांना दुपारचे ग्रहण माहीत नसेल, आणि त्यांच्या रात्री खऱ्या अर्थाने काळ्या असतील. चमकणारे जंगल लिहायचे असेल, तर ते या बाजूला लिहा. एका बाजूचे देव, पंचांग आणि शिकारीच्या वेळा दुसऱ्या बाजूला निरर्थक ठरतील, आणि सीमा ओलांडून आलेला पहिला प्रवासी ‘आकाशात एक डोळा आहे’ असे सांगू लागला, तर त्याला वेड्यात काढतील.

तुमचे यान कोणत्या बाजूला उतरते हे आधी ठरवा. पहिली दहा प्रकरणे त्यावरच अवलंबून आहेत.